ईयोब आणि अध्याहृत कर्म

हिब्रू बायबलमधील ‘ईयोब’ ह्या ग्रंथाचा काव्यभाग ज्या वाक्याने संपतो (४२:६), ते वाक्य मूळ हिब्रूत अवघ्या सात शब्दांचे आहे. बेचाळीस अध्यायांचा हा ग्रंथ अखेर काय सांगतो, ह्याचा निर्णय पुष्कळ अंशी ह्या सात शब्दांच्या अन्वयावर अवलंबून आहे. आणि तो अन्वय निर्विवादपणे लावणे आजवर कोणालाही साधलेले नाही. मुले, संपत्ती आणि आरोग्य गमावलेला, आपण निर्दोष आहोत हा आग्रह शेवटपर्यंत न सोडणारा, ईश्वराला जाब विचारणारा हा माणूस वादळातून आलेले ईश्वराचे भाषण ऐकतो आणि मग बोलतो. तो शरण जातो, समाधान पावतो, की आपला निषेध तसाच ठेवून गप्प होतो? परंपरेने बहुधा पहिले उत्तर स्वीकारले. प्रचलित मराठी भाषांतरेही ईयोबाच्या तोंडी येथे पश्चात्तापाची भाषा घालतात. परंतु हा प्रश्न केवळ भाषांतरविद्येचा नाही. दुःखी माणसाचे वाक्य अपुरे राहिले असेल, तर ते पूर्ण करण्याचा अधिकार ऐकणाऱ्याला कोठून मिळतो, असा एक नैतिक प्रश्न त्याच्या पोटात आहे; आणि ग्रंथाची एकूण रचना पाहिली, तर ईयोब आणि त्याचे मित्र ह्यांच्यातील वादही ह्याच प्रश्नाभोवती फिरत असल्याचे ध्यानात येते.

ग्रंथाची गद्य चौकट सर्वपरिचित आहे. ऊस देशातील ईयोब हा सात्त्विक व सरळ माणूस. स्वर्गसभेत ‘सातान’ (हिब्रूत हे विशेषनाम नसून उपपदासह आलेले पदनाम आहे; ‘प्रतिवादी’ हा त्याचा जवळचा अर्थ) एक शंका उपस्थित करतो: ईयोब देवाचे भय बाळगतो ते ‘हिन्नाम’ काय? ‘हिन्नाम’ म्हणजे फुकट, मोबदल्यावाचून आणि म्हणूनच विनाकारण. मराठीतील ‘फुकट’ ह्या शब्दात ‘विनामूल्य’ आणि ‘व्यर्थ’ अशा दोन छटा जशा नांदतात, तशाच काहीशा त्या येथे नांदतात. पुढच्याच अध्यायात (२:३) हा शब्द खुद्द ईश्वराच्या तोंडी येतो: सातानाने आपल्याला ईयोबाविरुद्ध प्रवृत्त केले आणि त्याचा नाश ‘हिन्नाम’ घडला, अशी ती कबुली आहे. नवव्या अध्यायात ईयोब स्वतः म्हणतो की ईश्वर माझ्या जखमा ‘हिन्नाम’ वाढवतो. स्वर्गसभेत काय घडले हे त्याला ठाऊक नाही. तरीही ईश्वराने जो शब्द वापरला नेमका तोच तो वापरतो. वाचकाला हे दोन्ही शब्द ऐकू येतात. ईयोबाच्या मित्रांना मात्र त्यांतला एकही ऐकू येत नाही. ग्रंथातील सारा उपरोध ह्या अंतरातून निर्माण होतो.

अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे मित्र दुष्ट नाहीत, हे आग्रहाने सांगायला हवे. नाही तर हा वाद फारच सोपा होऊन जातो. ते दुरून येतात, मोठ्याने रडतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर अबोल बसून राहतात. त्यांनी केलेली ही एकमेव निर्दोष गोष्ट. ईयोब बोलू लागल्यावर ते उत्तरे देऊ लागतात, आणि त्यांच्या उत्तरांमागे एक सुसंगत तर्क आहे. भारतीय परंपरेतील वाचकाला त्या तर्काचे नाव सुचायला वेळ लागू नये: ती अर्थापत्ती आहे. जिवंत असलेला माणूस घरात दिसत नाही, तेव्हा तो बाहेर असलाच पाहिजे. कारण एरवी दिसणाऱ्या वस्तुस्थितीची उपपत्तीच लागत नाही. मित्रांचा युक्तिवाद ह्याच घडणीचा आहे. ईश्वर न्यायी आहे. ईयोब दुःख भोगतो आहे. तेव्हा ईयोबाच्या हातून पाप घडलेच असले पाहिजे. न दिसणारे कर्म दिसणाऱ्या भोगावरून गृहीत धरायचे. कर्मविपाकाच्या सिद्धान्ताशी हे साम्य उघड असले तरी ते ताणू नये. ईयोबाच्या मित्रांना पूर्वजन्माची सोय उपलब्ध नाही. हिशेब ह्याच आयुष्यात जुळवायचा असल्याने त्यांना पाप ह्याच आयुष्यात शोधावे लागते, आणि ईयोबाच्या पदरी ते सापडले नाही तर त्याच्या मेलेल्या मुलांच्या पदरी. बिल्दद हे पहिल्याच भाषणात करतो (८:४). ज्याची दहा मुले एका दिवसात गेली, त्या बापासमोर.

ह्या तर्काचा शेवट बाविसाव्या अध्यायात होतो. चौथ्या अध्यायात अलीफजची भाषा सौम्य होती. आता तो ईयोबाच्या पापांची यादीच वाचून दाखवतो: भावांकडून गहाण उकळले, तहानलेल्याला पाणी दिले नाही, भुकेल्याला अन्न नाकारले, विधवांना रिकाम्या हातांनी परतवले. हे त्याला कोणी सांगितले? कोणीच नाही. येथे अलीफज जाणूनबुजून खोटे बोलतो असे मानण्याचे कारण नाही. त्याच्या सिद्धान्ताला जी वस्तुस्थिती लागते, ती त्याने निर्माण केली आहे. आणि गहाणाच्या आरोपात तो नकळत ‘हिन्नाम’ हाच शब्द वापरतो (२२:६). अर्थापत्तीची शास्त्रीय अट अशी की दिसणाऱ्या गोष्टीची अन्य कोणतीही उपपत्ती शिल्लक असता कामा नये. वाचकाने पहिले दोन अध्याय वाचले आहेत. ती अन्य उपपत्ती त्याला माहीत आहे. ती नैतिकदृष्ट्या अधिक अस्वस्थ करणारी आहे, पण ती आहे.

आता शेवटच्या वाक्याकडे वळता येईल. त्यात दोन क्रियापदे आहेत. पहिले ‘एम्-अस’. ह्या धातूचा अर्थ नाकारणे, झिडकारणे, तिरस्कारणे. धातू सकर्मक आहे, परंतु येथे त्याला कर्म नाही. ईयोब काय नाकारतो, हे वाक्य सांगत नाही. ही पोकळी भाषांतरकारांना पहिल्यापासून असह्य झालेली दिसते. प्राचीन ग्रीक भाषांतराने ‘स्वतःला’ हे कर्म पुरवले आणि वर वितळून जाण्याचे आणखी एक क्रियापद जोडले. जेरोमच्या लॅटिन भाषांतरात ईयोब स्वतःला दोष देतो. १६११ च्या इंग्रजी अधिकृत भाषांतरातही तो स्वतःचाच तिटकारा करतो. मात्र त्याच्या प्रचलित आवृत्त्या ‘स्वतःचा’ हा शब्द तिरप्या ठशात छापतात, म्हणजे तो मुळात नसल्याची प्रामाणिक नोंद करतात. किती वाचकांनी त्या तिरप्या ठशाकडे लक्ष दिले असेल, हा वेगळा प्रश्न. कुमरानच्या अकराव्या गुहेत १९५६ मध्ये सापडलेल्या ईयोबाच्या अरामी रूपांतरात तर तिरस्कार नाहीच. तेथे ईयोब विरघळून माती आणि राख होतो. म्हणजे येथे वेगळाच धातू वाचला गेला असावा.

मीमांसकांनी ह्या व्यवहारालाही अर्थापत्तीच म्हटले असते. कुमारिल भट्ट दृष्टार्थापत्ती आणि श्रुतार्थापत्ती असा भेद करतो: पाहिलेल्या गोष्टीची उपपत्ती लावण्यासाठी वस्तुस्थिती गृहीत धरणे ही पहिली; ऐकलेल्या अपुऱ्या वाक्यासाठी न उच्चारलेला शब्द पुरवणे ही दुसरी. प्रभाकराला शब्दाचा अध्याहार मान्य नव्हता. केवळ अर्थ गृहीत धरला की पुरे, असे त्याचे मत. त्या वादात येथे शिरण्याची गरज नाही. महत्त्वाचे आहे ते दोन्ही क्रियांचे एकरूपत्व. मित्रांनी ईयोबाच्या आयुष्यात कर्म पुरवले; भाषांतरकारांनी त्याच्या वाक्यात. व्याकरणातील कर्म आणि नीतिशास्त्रातील कर्म ह्यांना मराठीत एकच शब्द असावा, हा हिब्रूच्या दृष्टीने केवळ योगायोग आहे. त्यावर कोणताही सिद्धान्त उभारता येणार नाही. पण हा योगायोग मराठी वाचकाला जे दाखवतो, ते खरे आहे. आणि पुरवलेले कर्म दोन्ही ठिकाणी तेच निघावे, ईयोब स्वतःच, ही गोष्ट संशय निर्माण करण्यास पुरेशी आहे.

दुसरे क्रियापद ‘निहाम्ती’ हे अधिकच अडचणीचे. ‘न-ह-म’ ह्या धातूत मन पालटणे, हळहळणे, द्रवणे आणि सांत्वन पावणे हे सारे अर्थ आहेत. त्याच्यापुढे ‘अल’ हे अव्यय आले की बहुधा ‘अमुक एका गोष्टीविषयी मन पालटणे’ असा अर्थ होतो. ईश्वर योजिलेल्या अरिष्टाविषयी मन पालटतो, तेव्हा निर्गम, यिर्मया आणि योना ह्या ग्रंथांत हीच रचना येते. पापी माणसाच्या पश्चात्तापासाठी हिब्रूत रूढ असलेला धातू वेगळा आहे: ‘शूव’, परत फिरणे. अलीफजने ईयोबाकडे मागितले होते ते हेच परत फिरणे (२२:२३). ईयोब तो शब्द उच्चारीत नाही. उलट ‘न-ह-म’ हा धातू ग्रंथात सांत्वनाच्या संदर्भात सतत घुमत राहिलेला आहे: मित्र आले ते सांत्वनासाठी (२:११), ईयोबाने त्यांना क्लेशदायक सांत्वनकर्ते ठरवले (१६:२), त्यांचे सांत्वन पोकळ ठरवले (२१:३४). हा सारा संदर्भ वगळून शेवटच्या ठिकाणी मात्र त्या धातूला एकदम ‘पश्चात्ताप’ म्हणायचे, हे भाषिक दृष्ट्या अशक्य नसले तरी बेफिकिरीचे आहे.

उरले ‘आफार वा-एफेर’, धूळ आणि राख. ईयोब राखेत बसलेला आहे (२:८), त्यामुळे हे स्थलवाचक असू शकते. परंतु ही जोडी संपूर्ण हिब्रू बायबलमध्ये केवळ तीन ठिकाणी येते. त्यांपैकी दोन ‘ईयोब’मध्ये. तिसरे ठिकाण उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायातील. तेथे अब्राहाम स्वतःला धूळ आणि राख म्हणवतो, आणि म्हणवतो ते सदोमच्या निर्दोष रहिवाशांसाठी ईश्वराशी घासाघीस करताना. नम्रतेचा हा शब्दप्रयोग तेथे आर्जवाचा आणि त्याच वेळी हुज्जतीचा आहे. ईयोबाच्या शेवटच्या वाक्यात हा प्रतिध्वनी असेल, तर शरणागती आणि तक्रार ह्यांतले अंतर मानले जाते तितके मोठे राहत नाही.

ह्या सामग्रीतून निघालेली वाचने परस्परांपासून बरीच दूर आहेत. बाराव्या शतकात मायमोनिडीझने आपल्या ‘संभ्रमितांचा मार्गदर्शक’ ह्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात कर्म पुरवले ते वेगळेच: ईयोब पूर्वी ज्या ज्या गोष्टींची इच्छा करीत असे, ते सारे तो आता नाकारतो, आणि धूळराखेत बसण्याविषयीही त्याचे मन पालटते. विसाव्या शतकात डेल पॅट्रिक (१९७६) ह्यांनी ‘धूळ आणि राख’ म्हणजे शोकावस्था असा अर्थ घेऊन ईयोब विलाप सोडून देतो असे प्रतिपादन केले. पेरूमधील मुक्तिवादी धर्मचिंतक गुस्ताव्हो गुतिएरेझ ह्यांच्या १९८६ च्या ग्रंथात ह्या वाचनाला निरपराधांच्या दुःखाविषयीच्या व्यापक चिंतनात स्थान मिळाले. जॉन ब्रिग्ज कर्टिस (१९७९) ह्यांनी उलट टोक गाठले: त्यांच्या मते नाकारलेले कर्म म्हणजे ईश्वरच. जॅक माइल्स (१९९५) ह्यांचा ईयोब मर्त्य मातीसाठी दुःखाने शहारतो. एडवर्ड ग्रीनस्टाइन (२०१९) ह्यांचा ईयोब विटलेला आहे आणि धूळराखेची, म्हणजे माणसाची, त्याला कीव येते. विल्यम मॉरो ह्यांनी १९८६ मध्येच हे वाक्य हेतुतः संदिग्ध ठेवलेले असल्याचा पक्ष मांडला होता.

संदिग्धतेचा हा निष्कर्ष आपल्याकडील समीक्षेला सहज रुचेल. अर्थाची अनिर्णीतता हा गेली काही दशके एक आवडता मुक्काम झालेला आहे. तेथे पोहोचले की प्रवास संपला असे मानण्याची सवयही जडली आहे. परंतु राखेत बसलेल्या माणसाच्या वाक्याकडे चिन्हांचा खेळ म्हणून पाहून समाधान मानणे, ह्यातही मित्रांच्या वर्तनाचाच एक सभ्य प्रकार दडलेला नाही काय? त्यांनी अर्थ लादला. अनेकार्थतेचा पुरस्कर्ता अर्थाची जबाबदारीच झटकतो. शिवाय सर्व वाचने सारख्याच योग्यतेची नाहीत. आत्मतिरस्काराचे वाचन सर्वांत दुबळे ठरते, आणि त्याचे कारण ग्रंथातच लगेच पुढच्या ओळीत आहे. ईश्वर अलीफजला म्हणतो की तुम्ही माझ्या सेवक ईयोबाप्रमाणे योग्य बोलला नाहीत, म्हणून माझा कोप तुमच्यावर भडकला आहे (४२:७). आणि हे विधान पुढच्या वाक्यात पुन्हा येते. ईयोबाने आपल्या पापांचा पश्चात्ताप केला असे म्हटले, तर अलीफजची मागणी पूर्ण झाली, त्याची बनावट यादी खरी ठरली. मग कोप त्याच्यावर का? ईयोबाचे केवळ शेवटचे वाक्यच योग्य ठरवले आहे अशी पळवाट काढता येते, पण मग तेच वाक्य कळत नाही ही अडचण जशीच्या तशी उरते. बंडखोर वाचनाविषयी मात्र वेगळी हरकत आहे. ते अधिक आकर्षक आहे. परंतु तेही कर्म पुरवतेच. फक्त मूर्ती बदलते, पूजेची रीत तीच.

४२:७ मधील एक अव्यय येथे विशेष लक्ष देण्याजोगे आहे. ‘एलाय’ ह्याचे भाषांतर बहुधा ‘माझ्याविषयी’ असे केले जाते. त्याचा अधिक सरळ अर्थ ‘माझ्याशी’ असा आहे. हा अर्थ घेतला तर ईश्वराच्या निवाड्याचे स्वरूप बदलते. तिन्ही मित्र आपल्या भाषणांत ईश्वराविषयी बोलतात. त्यांपैकी एकानेही ईश्वराला उद्देशून एक शब्द उच्चारलेला नाही. ईयोब पुनःपुन्हा मित्रांकडे पाठ फिरवून थेट त्याच्याशी बोलतो, भांडतो, त्याला न्यायासनासमोर बोलावतो. मराठी वाचकाला येथे विठ्ठलाशी भांडणारे संत आठवतील. ती आठवण अर्ध्यापर्यंतच उपयोगी आहे: संतांच्या भांडणात सलगी आहे, ईयोबाच्या भांडणात न्यायालयाची परिभाषा आहे. तरीही दोन्हीकडे तक्रार ही संबंधाचा अंत करीत नाही, तिच्यामुळे संबंध टिकतो. कांटने १७९१ च्या निबंधात मित्रांच्या आणि ईयोबाच्या बोलण्यातला भेद प्रामाणिकपणाच्या निकषावर केला: बलवान धनी कान देऊन ऐकतो आहे अशा समजुतीने मित्र बोलतात, तर ईयोब आपल्याला वाटते तसे बोलतो. लेव्हिनासने १९८२ मध्ये दुसऱ्याच्या वेदनेचे समर्थन करणे हेच साऱ्या अनीतीचे उगमस्थान मानले. त्या निकषावर मित्रांचा अपराध त्यांनी चुकीचे पाप शोधले हा राहत नाही. शोधू लागले हाच राहतो. यहुदी परंपरेला ह्या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंचे भान होते. ताल्मूदच्या ‘बाव्हा बाथ्रा’ ह्या प्रकरणातील सोळाव्या पानावर ईयोबाच्या तोंडात माती पडो असा धिक्कार आहे, आणि त्याच पानाच्या मागील बाजूस माणूस वेदनेत जे बोलतो त्यासाठी त्याला धरता येत नाही असा निर्णयही आहे. संपादकांनी ह्या दोहोंत तडजोड घडवून आणली नाही.

मग भाषांतरकाराने काय करावे? मराठीला ही पोकळी पेलता येते असे वाटते. कर्म न सांगता केलेल्या नकाराचे शब्द मराठीत रोजच्या वापरात आहेत: ‘नको आता’, ‘पुरे’. ईयोबाने सातव्या अध्यायात (७:१६) हेच क्रियापद असेच कर्मावाचून वापरले आहे, आणि तेथे तरी ‘पुरे झाले’ ह्याहून जवळचा शब्द सापडणे कठीण. ‘निहाम्ती’साठी ‘मन पालटले’ चालेल. त्यात पापाची कबुली गृहीत धरावी लागत नाही, आणि सांत्वनाची शक्यताही पुरती नाहीशी होत नाही, जरी ती क्षीण होते. हे भाषांतर सुंदर होणार नाही. परंतु १९२४ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेले पंडिता रमाबाईंचे मराठी बायबल हिब्रू व ग्रीक मूळ समोर ठेवून सिद्ध झाले होते, हे आठवले म्हणजे इंग्रजी वळणाच्या आधाराशिवाय मुळाला भिडण्याची परंपरा मराठीला अपरिचित नाही, एवढे तरी म्हणता येते.

ह्या प्रतिपादनासमोर सर्वांत मोठी अडचण उपसंहाराची आहे. ईयोबाला सारे दुप्पट परत मिळते: सात हजार मेंढरांची चौदा हजार होतात, तीन हजार उंटांचे सहा हजार. म्हणजे मित्रांचा हिशेब अखेर बरोबर निघाला, सदाचाराला फळ मिळाले, असे म्हणता येईल. आणि हा उपसंहार कोण्या भाबड्या संपादकाची जोड म्हणून बाजूला सारण्याची प्रथाही आहे. ती सोय घेण्याचे कारण नाही. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायातील विधीनुसार चोरलेले जनावर चोराकडे जिवंत सापडले, तर त्याने दुप्पट भरून द्यायचे असते. हा प्रतिध्वनी हेतुपूर्वक आहे की नाही हे ठरवता येत नाही, पण एकदा ऐकल्यावर तो विसरताही येत नाही. आणि दुप्पट होतात ती जनावरे. मुले पूर्वीइतकीच, सात मुलगे आणि तीन मुली. ह्या वेळी मुलींची नावे दिली आहेत, यमीमा, कसीया, केरेन-हप्पूक, आणि भावांबरोबर त्यांना वारसा मिळतो. गेलेल्या दहांविषयी संहिता काही बोलत नाही. ईयोबाच्या पत्नीचा उल्लेखही पुन्हा येत नाही.

ह्या बदलत्या हिशेबाच्या मध्येच एक वाक्य आहे (४२:११), ज्याकडे टीकाकार फारसे थांबत नाहीत. ईयोबाचे भाऊ, बहिणी आणि पूर्वीचे सारे ओळखीचे लोक त्याच्या घरी येतात आणि त्याच्याबरोबर जेवतात. ते त्याचे सांत्वन करतात. ‘न-ह-म’ हा धातू ग्रंथात येथे शेवटचा येतो. सांत्वन कशाबद्दल, तेही निवेदक आडपडदा न ठेवता सांगतो: परमेश्वराने त्याच्यावर आणलेल्या सर्व अरिष्टाबद्दल. ते का आणले, हे कोणी विचारीत नाही, आणि कोणी सांगतही नाही. पाहुण्यांपैकी प्रत्येक जण ईयोबाच्या हाती एक कसीता, त्या काळचे चलन, आणि सोन्याची एकेक बाळी ठेवतो.